सुगौलीचा तह, तराईची देवाणघेवाण आणि नेपाळची सीमा: नक्की आखली कोणी?

चावडीवरचा
नेपाळने शंभराच्या नोटेवर लिम्पियाधुरा, लिपुलेख, कालापानी (भारत-नेपाळ वादातला मुलूख) ह्यांच्यासकट नकाशा छापायचं ठरवलं तेव्हापासून आमच्या एका ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच वाद निघतो, एक पार्टी म्हणते चीनने शिकवलंय, दुसरी म्हणते आपण मोठ्या भावासारखं वागत नाही, आणि दोन्हीकडच्या एकालाही ही सीमा आली कुठून हे माहीत नसतं. म्हणून इथे धागा काढतोय. आधीच सांगतो, लांबड लागणार आहे.

१८१४ सालचा नेपाळ आजच्यापेक्षा बराच मोठा होता. पृथ्वीनारायण शाहने १७६८-६९ मध्ये काठमांडू खोरं घेतलं आणि त्याच्या मागच्यांनी पश्चिमेला घोडं दामटलं. १७९० ला कुमाऊं, १८०४ ला गढवाल (तिथला राजा प्रद्युम्न शाह डेहराडूनजवळ खुडबुड्याच्या लढाईत पडला), मग थेट कांगड्याच्या किल्ल्याला वेढा. तिथे रणजितसिंह आडवे आले आणि १८०९ ला गोरखे सतलजच्या अलीकडे परतले. पूर्वेला सिक्कीमचा मोठा भाग, तिस्तेपर्यंत. म्हणजे सतलज ते तिस्ता, हिमालयाची एक लांबच लांब पट्टी.

तिकडे ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये अवधच्या नवाबाकडून गोरखपूर वगैरे मुलूख काढून घेतलेला. दोन्ही राज्यं तराईत, म्हणजे डोंगरापायथ्याच्या सखल पट्टीत, समोरासमोर आली. भांडण पेटलं ते बुटवल आणि स्यूराज या दोन तुकड्यांवरून. नेपाळ म्हणे, पाल्पाचा राजा इथला वसूल खात होता, पाल्पा आम्ही घेतलं म्हणजे वसूलही आमचा. कंपनी म्हणे, पाल्पावाला ती जमीन नवाबाचा जमीनदार म्हणून खात होता आणि नवाबाची जागा आता आमची. आपल्याकडे मोकासा आणि बाबती ह्या महसुलाच्या वाट्यांवरून शिंदे-होळकर-निजाम यांचे जे वाद चालायचे तसलंच हे प्रकरण. मे १८१४ मध्ये नेपाळी लोकांनी बुटवलची कंपनीची ठाणी मारली आणि १ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयराने युद्ध पुकारलं. हाच पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, १८१८ मध्ये पेशवाई बुडवणारा.

माझा मुद्दा एवढाच की ही सीमा डोंगर बघून ठरली नाही, भाषा बघून तर नाहीच नाही. कंपनीची देणी-घेणी जशी फिरली तशी ती सरकत गेली. पुढचं प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली.

बंड्या_बेरकी
जागा पकडून ठेवतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दुर्गभटक्या
ह्या युद्धातल्या नालापानीच्या किल्ल्याबद्दल लिहाच. डेहराडूनला सहस्रधारा रस्त्यावर रिस्पना नदीजवळ दोन ठेंगणे पांढरे मनोरे आहेत शेजारी शेजारी, लोक गाडीतून न बघता निघून जातात. एक आहे कंपनीच्या जनरल गिलेस्पीचा आणि त्याच्याबरोबर पडलेल्यांचा, आणि दुसरा चक्क शत्रूचा, बलभद्र कुंवर आणि त्याच्या गोरख्यांचा. इंग्रजांनी हरलेल्या सेनापतीला 'शूर प्रतिस्पर्धी' म्हणून स्वतःच्या खर्चाने दगड बसवलाय.

किल्ला म्हणजे आपल्या मानाने काहीच नाही हो, टेकडीवरची अर्धवट तटबंदी. आत सहाशेच्या आसपास माणसं, त्यात बायका-पोरंही. खाली साडेतीन हजारांची फौज आणि तोफा. ३१ ऑक्टोबर १८१४ ला गिलेस्पी स्वतः तलवार उपसून दरवाजाकडे धावला आणि गोळी लागून तिथेच संपला (युद्ध रीतसर पुकारायच्या एक दिवस आधी, ही पण गंमतच). महिनाभर किल्ला पडेना. शेवटी बाहेरच्या झऱ्याचं पाणी तोडलं आणि मग विषय संपला. ३० नोव्हेंबरला बलभद्र सत्तरेक लोक घेऊन रात्री वेढ्यातून निसटला. आत जेवढी माणसं होती त्याहून जास्त कंपनीची मेली किंवा जखमी झाली. पाण्याचं टाकं आत का खोदलं नाही हा प्रश्न कुठल्याही सह्याद्रीवाल्याला पहिला पडेल.

चावडीवरचा
@दुर्गभटक्या क्या बात है! टाक्याचा मुद्दा एकदम पटला.

पुढचं युद्ध भराभर उरकतो. पश्चिमेला कंपनीचा सेनापती ऑक्टरलोनीने नेपाळी सेनापती अमरसिंह थापाला मलाउंच्या किल्ल्यात कोंडलं, एप्रिल १८१५ मध्ये देउथलला म्हातारा भक्ती थापा तोफांवर चालून जाऊन पडला, त्याच महिन्यात अल्मोडा गेलं, मे मध्ये अमरसिंहाने शस्त्रं खाली ठेवली. कुमाऊं-गढवाल खलास.

तह २ डिसेंबर १८१५ ला सुगौलीला झाला, आजच्या बिहारात पूर्व चंपारणमध्ये. कंपनीकडून लेफ्टनंट कर्नल ब्रॅडशॉ, नेपाळकडून गजराज मिश्र आणि चंद्रशेखर उपाध्याय. पण काठमांडूत दरबारचा कारभारी भीमसेन थापाने लाल मोहोर (राजाचा शिक्का) उमटवायला नकार दिला. मग फेब्रुवारी १८१६ मध्ये ऑक्टरलोनी परत निघाला. नेपाळी फौज चुरियाच्या घाटात दबा धरून बसलेली, ह्याने बाजूच्या एका अरुंद घळीतून रात्री माणसं वर काढली आणि सरळ मकवानपूर गाठलं. काठमांडू तिथून काही लांब नाही. ४ मार्च १८१६ ला मोहोर उमटलेला कागद त्याच्या छावणीत पोचला.

नेपाळने काय गमावलं तर काली नदीच्या पश्चिमेचं सगळं, मेची नदीच्या पूर्वेचं सगळं आणि जवळजवळ अख्खी तराई. वर काठमांडूत इंग्रज रेसिडेंट. एकूण राज्याचा तिसरा हिस्सा गेला असं साधारण म्हणतात.

अलकनंदा_काठ
मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर गढवालात आहे, तर जरा दुसरी बाजू. नेपाळचं हिरावलं नेपाळचं हिरावलं म्हणतात पण गढवालवर त्यांचा ताबा होता किती, १८०४ ते १८१५. त्या काळाला इथे आजही 'गोरख्याणी' म्हणतात आणि चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत. दंड भरता आला नाही तर माणसं धरून न्यायचे आणि हरिद्वारला हर की पौडीजवळ विकायचे. माझ्या सासूबाई भांडणात 'काय गोरख्याणी लावलीय' असं अजून म्हणतात.

आणि इंग्रज आले म्हणून गढवालींचं राज्य परत मिळालं असंही नाही. प्रद्युम्न शाहचा मुलगा सुदर्शन शाह याला टिहरी दिलं आणि अलकनंदेच्या पूर्वेचा चांगला भाग, श्रीनगरसकट, युद्धखर्चाच्या नावाखाली कंपनीने स्वतःकडे ठेवला. राजाची जुनी राजधानीच गेली. म्हणून त्याने टिहरी वसवली, जी आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

चावडीवरचा
@अलकनंदा_काठ ताई, हे फार महत्त्वाचं, धन्यवाद. 'ग्रेटर नेपाळ'वाले (१८१४ चा मोठा नेपाळ परत मागणारे) नकाशे काढतात त्यात गढवाली-कुमाऊंनी लोकांना कोणी विचारलेलंच नसतं.

आता तराई. खरा मसाला इथेच आहे.

नेपाळ दरबार सरदारांना पगार रोख देत नव्हता, जमिनी तोडून द्यायचा, आणि पिकणारी जमीन म्हणजे तराई. सालाचं जंगल, हत्ती, भात, सगळा महसूल तिथला. ती गेल्यावर काठमांडूचे भारदार (दरबारी सरदार) उघडे पडणार, बंड करणार, म्हणून तहातच कलम घातलं की ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना कंपनी दरसाल २ लाख रुपये पेन्शन देईल, कोणाला किती ते नेपाळच्या राजाने ठरवायचं. नऊ महिन्यांत कंपनीला कळलं की हे २ लाख कायमचं ओझं आहे आणि तापाने भरलेली तराई सांभाळणं त्याहून अवघड. डिसेंबर १८१६ मध्ये कोशी ते राप्तीमधली बरीचशी तराई नेपाळला परत, पेन्शन रद्द. फिट्टंफाट.

पण पश्चिमेची तराई, राप्ती ते काली, ती परत दिली नाही. का? कारण ती आधीच विकून झाली होती. युद्धाला पैसा कोणी दिला तर अवधच्या नवाब गाजीउद्दीन हैदरने, १८१४ मध्ये एक कोटी आणि पुढच्या वर्षी आणखी एक कोटी, कर्जाऊ. दुसऱ्या कोटीची फेड म्हणून १ मे १८१६ ला कंपनीने त्याला खैरीगढ आणि ही पश्चिम तराई देऊन टाकली. म्हणजे नवाबाच्या पैशाने नेपाळची जमीन जिंकली आणि तीच नवाबाला त्याच्याच कर्जापोटी वळती केली, कंपनीच्या खिशातून दमडी गेली नाही.

थांबा, अजून संपलं नाही. १८५६ मध्ये डलहौसीने अवधच खालसा केलं, तराई आपोआप घरी परत. १८५७ झालं. नेपाळचा पंतप्रधान जंग बहादुर राणा आठ-नऊ हजार गोरखे घेऊन १८५८ च्या सुरुवातीला लखनऊवर इंग्रजांच्या बाजूने चालून गेला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये हीच पट्टी नेपाळला. आजचे बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर. नेपाळात त्याला 'नया मुलुक' म्हणतात. एकच जमीन, पंचेचाळीस वर्षांत नेपाळ, कंपनी, अवध, परत कंपनी, राणीचं सरकार आणि शेवटी पुन्हा नेपाळ, आणि तिथल्या थारू लोकांना ह्यातलं एकदाही कोणी विचारलं नाही.

बंड्या_बेरकी
एवढ्या वेळा तर आमच्या एरियातल्या प्लॉटचा सातबारा पण नाही फिरला 😂

मोडीवाचक
पेन्शनचा मुद्दा मराठी वाचकाने जरा थांबून बघावा असा आहे. नेपाळशी तह झाला आणि दीड-दोन वर्षांत हाच हेस्टिंग्ज पेशव्यांवर आला. नेपाळला २ लाख, बाजीरावाला ८ लाख दरसाल आणि बिठूरला मुक्काम. फरक असा की नेपाळच्या भारदारांनी पेन्शनच्या बदल्यात जमीन परत मिळवली, आणि बाजीराव १८५१ ला गेल्यावर त्याच्या दत्तक मुलाची, म्हणजे नानासाहेबांची, पेन्शन बंद झाली. काठमांडूला मागे डोंगर होते आणि फौज शाबूत होती, बिठूरला काय होतं?

आणि नानासाहेब शेवटी गेले कुठे तर नेपाळच्या तराईत. अवधची बेगम हजरत महल पण. १८५८ च्या शेवटाला ही सगळी मंडळी सीमा ओलांडून आत शिरली. जंग बहादुरने बेगमला आणि पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना काठमांडूत राहू दिलं (बेगम १८७९ ला तिथेच वारल्या), पण लढणाऱ्यांना तराईतून हुसकलं. नानासाहेब १८५९ मध्ये तिथल्या तापाने गेले असं म्हणतात, नक्की कोणालाच पटलं नाही, पुढे कित्येक वर्षं इंग्रज कोणा ना कोणा बैराग्याला नानासाहेब म्हणून पकडत राहिले. पण बघा, ज्या बंडाच्या वेळी पेशवा तराईत लपला तेच बंड मोडल्याचं बक्षीस म्हणून शेजारची तराई नेपाळला मिळाली.

खडूस_आजोबा
जंग बहादुर म्हणजे गद्दारच म्हणायचा की मग.

मोडीवाचक
@खडूस_आजोबा काका, त्याच्या जागेवरून बघा. चाळीस वर्षांपूर्वी तिसरा हिस्सा गमावलेला देश, समोर तीच कंपनी, आणि १८१४ मध्ये कंपनीच्या बाजूने लढायला गेलेल्या शिपायांत पुरबिये (अवध-बिहारकडचे) भरपूर होते, त्यांच्या बंडाला गोरख्यांनी का धावून जावं? आणि १८१४ ला आपले शिंदे-भोसले तरी कुठे हलले? १८५७ ला एक देश होता हे आपण आत्ता म्हणतो.

खडूस_आजोबा
पटलं नाही पण उत्तर आवडलं.

सीमोल्लंघन
हे सगळं ठीक पण कालापानीचं काय? तहात काली नदी लिहिली आहे ना स्पष्ट, मग भांडण कसलं?

नकाशेवाली
मी घेते हा प्रश्न, त्याच बाजूच्या आदि कैलासला जाऊन आलेय.

उत्तराखंडात धारचुलाला काली नदीवर झुलता पूल आहे, पलीकडे नेपाळचं दार्चुला. बायका पिशव्या घेऊन ये-जा करतात, पासपोर्ट वगैरे काही नाही, पलीकडे गेलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. तिथे काहीच वाद नाही, नदी एकच आहे, सरळ दिसते. वाद वर गुंजी गावाला सुरू होतो. गुंजीला दोन प्रवाह येऊन मिळतात. एक वायव्येकडून, कुटी गावावरून येणारा, त्याला कुटी यांक्ती म्हणतात, तो लिम्पियाधुराकडून येतो. दुसरा लिपुलेखच्या बाजूने कालापानीवरून येतो, तिथे कालीमातेचं मंदिर आहे आणि यात्रेकरूंना नदीचा उगम म्हणून तेच दाखवतात. संगमावर उभं राहिलं तर कुटीवाला प्रवाह मोठा वाटतो, निदान मला तरी वाटला.

नेपाळ म्हणतो मोठा प्रवाह तोच काली, म्हणून गुंजी, नाबी, कुटी आमची. १८२७ आणि १८५६ चे ब्रिटिश नकाशेही दाखवतात. भारत म्हणतो काली कालापानीपासून, १८३० च्या दशकापासून महसुली कागद अल्मोड्याचे (आता पिथौरागढ) आहेत, आणि १८६० नंतरचे बहुतेक नकाशे आपल्या बाजूचे. सुगौलीच्या तहात नुसतं 'कालीच्या पश्चिमेचं सोडलं' एवढंच. नकाशा जोडलेला नाही, उगम लिहिलेला नाही. १८१५ मध्ये तिथे वर कुठला इंग्रज जाऊन बघणार होता?

सीमोल्लंघन
मग तेव्हाच कोणी विचारलं नाही का?

नकाशेवाली
विचारलं ना! तहाला वर्ष झालं नाही तोच १८१७ मध्ये नेपाळने ब्यास खोऱ्यातली गावं मागितली. कालीच्या पूर्वेची तिंकर आणि छांगरू ही दोन कंपनीने देऊन टाकली. मग नेपाळने कुटी आणि नाबी पण मागितली, त्याला नकार. माझ्या मते भारताच्या बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा हाच, नकाशांपेक्षाही, कारण तो तहानंतर लगेचचा आहे आणि प्रश्न विचारून घेतलेला निर्णय आहे. नेपाळी अभ्यासक म्हणतात तो एकतर्फी होता, जेत्याने स्वतःच दिलेला निकाल. तेही खोटं नाही.

मग तो प्रश्न शे-दीडशे वर्षं झोपला, कारण वर राहणाऱ्या रं लोकांना (आपण भोटिया म्हणतो) कुठल्याही सरकारशी फार देणंघेणं नव्हतं, उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात धारचुला, व्यापार तिबेटशी. १९६२ नंतर आपली चौकी कालापानीला पक्की झाली. २०१५ ला भारत-चीनने लिपुलेखमधून व्यापार वाढवायचं ठरवलं तेव्हा नेपाळने निषेध केला, नोव्हेंबर २०१९ ला आपला नवा नकाशा आला, ८ मे २०२० ला लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन, आणि बारा दिवसांत नेपाळचा नवा नकाशा, जूनमध्ये घटनादुरुस्तीसुद्धा. वादातला मुलूख सुमारे ३३५ चौरस किलोमीटर.

बंड्या_बेरकी
म्हणजे चीनने शिकवलं हे खोटं?

चावडीवरचा
@बंड्या_बेरकी भाऊ, चीनला मजा येत असेल, नाकारत नाही. पण १८१७ चा अर्ज चीनने लिहून दिला नव्हता.

खडूस_आजोबा
एक तांत्रिक शंका. १९५० च्या भारत-नेपाळ करारात कलम ८ आहे की ब्रिटिशांशी झालेले आधीचे सगळे करार रद्द. मग सुगौली पण रद्द, मग सीमा कशाच्या आधारावर? ग्रेटर नेपाळवाले हेच तुणतुणं वाजवतात.

नकाशेवाली
काका, कलमात 'ह्या करारात ज्या विषयांचा उल्लेख आहे तेवढ्यापुरते' असं आहे. सीमा हा त्या कराराचा विषयच नाही. शिवाय तह रद्द झाला तरी त्याने आखलेली सीमा पुसत नाही हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला जुना नियम आहे, नाहीतर आफ्रिकेत रोज नवा देश निघाला असता. आणि खरंच सगळं रद्द धरलं तर १८६० चा नया मुलुकही परत द्यावा लागेल, हे ती मंडळी सोयीने विसरतात.

दुर्गभटक्या
सीमेवर खांब वगैरे आहेत का हो? रक्सौलला गेलो तेव्हा काहीच दिसलं नाही, नुसती गर्दी आणि ट्रक.

चावडीवरचा
आहेत. जुन्या मोठ्या खांबांना नेपाळात 'जंगे पिलर' म्हणतात, जंग बहादुरच्या नावाने. दोन्हीकडची थोडी जागा मोकळी सोडायची ती दशगजा. प्रत्यक्षात दशगजात घरं, दुकानं, शेतं, सगळं आहे, १७५१ किलोमीटरची उघडी सीमा, कोण कुठे बघत बसणार. पुष्कळ खांब नद्यांनी नेले.

सीमोल्लंघन
नदी सरकली तर सीमा सरकते?

नकाशेवाली
सुस्तामध्ये हेच भांडण आहे. सुगौलीनंतर तिथे गंडक (त्यांची नारायणी) सीमा धरली, तेव्हा सुस्ता गाव पश्चिम काठाला, नेपाळात. नदी पुराबरोबर पश्चिमेला घसरत गेली आणि गाव आता पूर्व काठाला, बिहारला चिकटून. नेपाळ म्हणतो सीमा जुन्या पात्रातच राहिली, आपल्याकडचं म्हणणं की सध्याची नदी धरा. गंमत म्हणजे लिम्पियाधुराला उलट, तिथे पात्र हललेलंच नाही, कुठलं पात्र ते ठरत नाहीये.

बाकी सीमेचं काम झालंय बरंचसं. दोन्ही देशांच्या संयुक्त तांत्रिक समितीने १९८१ पासून मोजणी करून १८२ पट्टी-नकाशे तयार केले, २००७ ला अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या, जवळजवळ ९८ टक्के सीमा त्यात आली. सोडलं ते कालापानी आणि सुस्ता. पण नेपाळने राजकीय पातळीवर ते नकाशे मान्य केलेले नाहीत, कारण ९८ टक्क्यांवर सही केली तर उरलेल्या दोन टक्क्यांसाठी हातात काय राहतं ही त्यांची भीती.

खडूस_आजोबा
आमच्या भाऊबंदकीत पण वाटणीपत्रावर सही ह्याच कारणासाठी अडलीय.

चावडीवरचा
@खडूस_आजोबा काका 😀 त्याचा वेगळा धागा काढा. मेचीकडची बाजू, म्हणजे कंपनीने ती जमीन नेपाळकडून काढून १८१७ च्या तितालियाच्या तहात सिक्कीमला दिली आणि १८३५ ला त्याच सिक्कीमकडून दार्जिलिंग काढून घेतलं, ते राहिलं. कोणाला सिक्कीमच्या बाजूची माहिती असेल तर इथेच लिहा, माझं त्याबाबतीतलं वाचन तोकडं आहे.

अलकनंदा_काठ
माझी एक मैत्रीण कालिम्पोंगची आहे, तिला विचारून लिहिते. ती आधी म्हणेल कालिम्पोंग सिक्कीमकडून नाही, भूतानकडून घेतलं, १८६५ मध्ये, ते वेगळं युद्ध.